तळटीप २३ : चोळीतला उभार

२३. चोळीतला उभार : संदर्भ साईभक्त दासगणू महाराजांच्या तरुणपणाचा आहे. १८६८ साली नगर जिल्ह्यातील अकोळनेर येथे जन्मलेले दासगणू पोलिसांत नोकरीला होते. शिर्डीला साईबाबांच्या सहवासात येऊन कीर्तनाकडे वळण्यापूर्वी त्यांना तमाशाचा आणि लावण्या रचण्याचा नाद होता. त्या काळी तमाशातला नाच्या आणि नाटक मंडळ्यांतले स्त्रीपार्टी नट पुरुषच असत. कापूस किंवा कापडाच्या घड्या चोळीत बसवून उभार साधला जाई. सारी मदार चोळीच्या गाठीवर. ती ढिली पडली की नाचताना घड्या सरकत.

आज स्त्रीवेष धारण करणाऱ्यांना सिलिकॉनचे कृत्रिम उरोज मिळतात. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर स्त्रिया वापरतात, तसेच हे. छातीखालचा घेर टेपने मोजून ब्रेसियरचा पट्टा ठरवावा, कप मात्र उरोजाच्या आकाराप्रमाणे घ्यावा. वजन खांद्यांपेक्षा पट्ट्याने पेलायला हवे. आतून खिसा शिवलेला असला, की उरोज जागचे हलत नाहीत. अंगाला नीट बसलेला वेष घालणाऱ्याला निर्धास्त करतो. म्हणून हे माप घेताना संकोच नको, आस्था हवी. — संपा.