साडेतीनचा पाढा: आजोबांची औटकी आणि सुप्याच्या जळलेल्या वह्या

आज सुरुवातीलाच एक प्रश्न. कॅल्क्युलेटर उघडायचा नाही हं. सात औटं किती?

औट म्हणजे काय, हेच बऱ्याच जणांना माहीत नसेल. औट म्हणजे साडेतीन. सात औटं साडेचोवीस. तुमच्या पणजोबांच्या पिढीत शाळेत गेलेल्या मुलाला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. कारण त्यांना नुसते दोन ते तीसचे पाढे नव्हते, अपूर्णांकांचेही पाढे होते. पावकी म्हणजे पावचा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडचा, अडीचकी अडीचचा आणि औटकी साडेतीनचा.

आता तुम्ही म्हणाल, ही काय पोरांना छळायची पद्धत? तर नाही. यामागे पक्का व्यवहार होता.

तेव्हा रुपयाचे आणे सोळा. एका आण्याचे पैसे चार, म्हणजे रुपयाचे चौसष्ट. वजनात मणाचे शेर चाळीस. पावशेर, अच्छेर ही मापं रोजची. शेराच्या आठव्या भागाला म्हणायचे नवटाक, कारण बहात्तर टांकांचा शेर आणि त्यातले नऊ टांक. (हो, गुत्त्यावरची ‘नवटाक’ इथलीच!)

आता बाजारात उभे राहा. ज्वारी सात आणे शेर आहे. मणाला किती पडेल? शाळेच्या पद्धतीने करायचं तर सात गुणिले चाळीस, दोनशे ऐंशी आणे, भागिले सोळा. कागद-पेन्सिल लागणार. पण गंमत बघा. शेराला एक आणा भाव असेल, तर मणाला चाळीस आणे. चाळीस आणे म्हणजे अडीच रुपये. म्हणजे शेराचा भाव जितके आणे, त्याची अडीचपट केली की मणाचे रुपये तयार. सात अडीचं साडेसतरा. साडेसतरा रुपये मण. झालं! म्हणून अडीचकी पाठ करायची. तो पाढा म्हणजे दुकानदाराच्या डोक्यातलं ॲपच होतं.

आणि सोळाच का? सोळाचे अर्धे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. कुठेही तुकडा पडत नाही. शंभराचे करून बघा: पन्नास, पंचवीस, आणि पुढे साडेबारा. अडलं की नाही? वाटण्या अर्ध्या-पाव करायच्या असतील तर सोळा सोयीचे.

लिहितानासुद्धा हीच पद्धत. मोडी हिशेबात पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. सोळाव्या हिश्शांसाठी वेगळ्या रेघा. या खुणांना 2009 साली युनिकोडमध्येसुद्धा जागा मिळाली. म्हणजे पणजोबांची पाऊण आज मोबाईलवर उमटू शकते.

इथवर सगळं गोड गोड. पण इतिहास नुसता ‘पूर्वी किती छान होतं’ असा सांगायचा नसतो. प्रश्न असा, की हे पाढे कोणाला येत होते?

पंतोजींच्या शाळेत जाणारी पोरं कोण? मुख्यतः ब्राह्मणांची आणि व्यापाऱ्यांची. मुली जवळपास नाहीतच. दलितांना दारच बंद. शेतकऱ्यांची पोरं बहुतेक रानात. तोंडी हिशेब जाणणारे शेतकरी होते, नाही असं नाही. पण वही सावकाराची, अक्षर सावकाराचं आणि व्याजाचा दरही सावकाराने सांगितलेला. शेतकऱ्याने फक्त खाली निशाणी करायची. पाव टक्का इकडचा तिकडे झाला, तर कळणार कसं?

12 मे 1875. पुणे जिल्ह्यातलं सुपे. शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांना हवी होती ती कर्जाची खतं आणि हिशेबाच्या वह्या. त्यांनी त्या जाळल्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरलं. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. पुढे 1879 मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. सावकाराने पैसे मिळाल्याची पावती द्यायची, हिशेब लिहून द्यायचा, हे त्यात आलं. विचार करा, पावती मिळावी म्हणून कायदा करावा लागला!

आणि 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी त्यांनी दिली. त्यात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन आहे, हिशेब आहे, शेतीचं प्राथमिक ज्ञान आहे. मोडी आणि हिशेब! सुप्यात जी वही जाळावी लागली, ती वाचता येणं हाच त्यावरचा खरा उपाय. माझ्या मते त्या यादीचा अर्थ हाच आहे.

मग ही पावकी-औटकी गेली कुठे? 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून जवळच्या पूर्ण पैशाचा हिशेब. एका आण्याचे सहा पैसे, तीन आण्यांचे मात्र एकोणीस. एकेक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर अठरा, एकदम घेतल्या तर एकोणीस! मागोमाग शेर जाऊन किलो आला. चाळीस गेले, सोळा गेले, आणि अडीचकीचं कामच संपलं.

हे चांगलंच झालं. शेर गावागणिक बदलायचा, किलो बदलत नाही. दशमान हिशेब कोणालाही लवकर शिकता येतो. पण एक गोष्ट मात्र निसटली. आज मूल पुस्तकात ‘तीन छेद चार’ वाचतं आणि घरी ‘पाऊण तास थांब’ ऐकतं. दोन्ही एकच, हे त्याला कोणी सांगतच नाही. खरं तर उत्तर शब्दातच आहे. पाऊण म्हणजे पाद-ऊन, पाव कमी. सव्वा म्हणजे स-पाद, पावासकट. अडीचच्या मुळाशी आहे अर्धतृतीय: दोन पूर्ण, तिसरा अर्धा. औटच्या मुळाशी अर्धचतुर्थ: तीन पूर्ण, चौथा अर्धा. अपूर्णांक आपल्या तोंडात आहेत, फक्त वहीत परके वाटतात.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा: पावकी येते का? येत असेल तर म्हणायला लावा, रेकॉर्ड करून ठेवा. आणि स्वतःसाठी तीन गणितं, तोंडीच हं. सहाची पाऊणकी किती? नऊ अडीचं किती? आणि कर्जाच्या ॲपवर ‘महिना फक्त दीड टक्का’ दिसलं, तर वर्षाला निदान किती?

उत्तरं: साडेचार, साडेबावीस आणि अठरा. व्याजावर व्याज धरलं तर अठराच्याही वर. तिसरं चुकलं असेल, तर सुप्याची गोष्ट पुन्हा एकदा ऐका. वही आता मोबाईलमध्ये आहे, एवढाच फरक. भेटू पुढच्या भागात!