पोकळीचे मोल

नागपुरात रामदासपेठ म्हटली की डोळ्यांपुढे दवाखान्यांच्या पाट्या येतात. तिथे एमआरआय काढायला गेलेल्या रुग्णाला काही वेळा हाताच्या शिरेतून एक औषध टोचतात. त्याने चित्र अधिक स्पष्ट येते. त्या औषधात गॅडोलिनियम नावाचा, लॅन्थनाइड कुळातला धातू असतो. तो सुटा शरीरात गेला तर विषारी. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याला एका सेंद्रिय रेणूच्या घट्ट मिठीत बांधले. काम झाले की हे संयुग बहुतांशी लघवीवाटे बाहेर पडते. अशी औषधे 1988 पासून वापरात आहेत.

या मिठीत एक रेणू एकाच धातूला धरून ठेवतो. पण रेणूचे हात वेगवेगळ्या धातूंपर्यंत पोहोचले तर? मग जाळे विणले जाईल आणि जाळ्यात पोकळ्या राहतील. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉबसन 1974 मध्ये विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांची रेणूचित्रे तयार करीत होते. गोळ्यांना भोके कुठे पाडली, यावरच पुढची सारी रचना ठरते हे त्यांच्या ध्यानात आले. 1989 मध्ये त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचा रेणू जोडून पोकळ स्फटिक घडवला. तो नाजूक होता, सहज ढासळे.

इथे जपानचे सुसुमु कितागावा येतात. 1951 साली क्योटोत जन्मलेल्या या संशोधकाची कारकीर्द मुद्दाम सांगण्यासारखी आहे. निरुपयोगी वाटणाऱ्या गोष्टीचाही उपयोग असतो, हे त्यांचे सूत्र. 1992 मध्ये त्यांनी मांडलेल्या पहिल्या सच्छिद्र रचनेचा व्यवहारात काही उपयोग दिसत नव्हता. अनुदानासाठी अर्ज केले, तर ते नाकारले गेले. सच्छिद्र पदार्थ म्हणून झिओलाइट होतेच, मग हे ठिसूळ पदार्थ हवेत कशाला? कितागावांनी काम सोडले नाही. 1997 मध्ये त्यांनी कोबाल्ट, निकेल किंवा जस्त वापरून त्रिमितीय सांगाडे तयार केले. त्यांत मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन शिरत आणि बाहेर पडत, तरी सांगाडा टिके.

जॉर्डनमध्ये निर्वासित कुटुंबात जन्मलेले ओमर याघी यांनी 1995 मध्ये या पदार्थांना ‘मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क’ हे नाव दिले. त्यांचा 1999 चा ‘एमओएफ-5’ 300 अंश सेल्सिअसलाही टिकला. त्याच्या दोनेक ग्रॅममधील पोकळ्यांचे पृष्ठभाग पसरले, तर फुटबॉलचे मैदान भरेल! पुढे अशाच पदार्थाने अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात हवेतून पाणी टिपले. 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले.

ही विद्या महाराष्ट्रातही आली. राहुल बॅनर्जी याघींकडे काम करून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. 2018 मध्ये, ते कोलकात्याला असताना, त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. सुजित घोष कितागावांकडून येऊन पुण्याच्या आयसरमध्ये रुजू झाले. पाण्यातील विषारी घटक ओळखणे आणि काढणे, हा त्यांच्या गटाचा एक विषय. इथे लॅन्थनाइड पुन्हा भेटतात. सांगाड्याच्या सांध्यांवर युरोपियम असेल तर अतिनील प्रकाशात तो लाल चमकतो, टर्बियम असेल तर हिरवा. पोकळीत प्रदूषक शिरला की ही चमक मंदावू शकते. म्हणजे पदार्थ स्वतःच खबर देतो.

लगेच फळ न देणाऱ्या कामाला पैसा कोणी द्यायचा, हा यातला खरा प्रश्न. नागपूरकरांना त्याचे एक उत्तर घरबसल्या सापडेल. रामदासपेठेपासून फार दूर नसलेल्या अमरावती रोडवर लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी आहे. कामठीचे खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांनी 1930 मध्ये उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी सुमारे 35 लाख रुपये नागपूर विद्यापीठाला मृत्युपत्राने दिले. संस्था सुरू झाली 1942 मध्ये. मधे एक तप गेले. 2023 मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

दात्याने संस्था पाहिली नाही, पण तिथे शिकलेल्यांच्या कित्येक पिढ्या नागपूरने पाहिल्या. एखादा विद्यार्थी आज प्रयोगशाळेत बिनकामाचे वाटणारे स्फटिक वाढवत असेल, तर त्याला ‘याचा उपयोग काय’ असे जरूर विचारावे. मात्र उत्तरासाठी त्याला थोडी वर्षेही द्यावीत.