बिनडोक गिटारचा डोकेबाज इतिहास

डोकं नसलेल्या इलेक्ट्रिक गिटारला मराठीत काय म्हणायचं? मित्रमंडळींनी ते केव्हाच ठरवून टाकलंय: बिनडोक! पण ही गिटार घरी बनवायला घेतली की पहिला प्रश्न लाकडाचा नसतो, तो लोखंडाचा असतो. साध्या गिटारला सहा ट्यूनर आणून डोक्यावर बसवले की झालं. इथे डोकंच नाही. मग तार अडकवायची कुठे आणि पिळायची कुठून? दुकानात जे दोन-चार पर्याय दिसतात, त्यांतल्या प्रत्येकामागे एक इतिहास आहे. तो माहीत असला तर निवड सोपी जाते.

तशी कल्पना आपल्याला नवी नाही. मिरजेचा तानपुरा आठवा. खुंट्या वर असतात, पण बारीक सूर मिळवायला वादक खाली घोडीपलीकडचे मणी सरकवतो. म्हणजे तारेच्या शेपटाकडून सूर लावता येतो, हे आपले कारागीर पिढ्यान् पिढ्या जाणतात. बिनडोक गिटारने फक्त खुंट्या काढून टाकल्या आणि सगळं काम शेपटाकडे दिलं.

अमेरिकेत लेस पॉलने १९४० च्या दशकात ॲल्युमिनियमची अशी एक गिटार केली होती. डोकं नाही, सूर लावायची सोय खालच्या टोकाला. तिचा घात केला रंगमंचावरच्या दिव्यांनी. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. गिटार तापली की तिची लांबी आणि तारांची लांबी यांचं गणित बिघडायचं आणि सूर हलायचा. आकार बरोबर होता, धातू चुकला होता.

खरी सुरुवात केली नेड स्टाइनबर्गरने. हा माणूस मुळात फर्निचरचा डिझायनर. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये लाकूडकाम करणाऱ्यांच्या सामाईक वर्कशॉपमध्ये त्याची गाठ गिटार बनवणाऱ्या स्टुअर्ट स्पेक्टरशी पडली आणि तो बास गिटारकडे वळला. बासचे ट्यूनर जड असतात. ते लांब मानेच्या टोकाला बसवले की हात सोडताच मान खाली झुकते. गिटारवर वाढलेल्या माणसाला हे स्वाभाविक वाटलं असतं, फर्निचरवाल्याला तो तोल सांभाळण्याचा प्रश्न दिसला. त्याने ट्यूनर खाली आणले, डोकं उडवलं आणि लाकडाऐवजी कार्बन फायबर व इपॉक्सी वापरलं. १९८० च्या सुमारास त्याचा एल-२ बास बाजारात आला. रश बँडच्या गेडी लीने तो वाजवला. पुढे आलेली सहा तारांची गिटार ॲलन होल्ड्सवर्थने हाती घेतली.

आता यंत्राकडे या. साध्या ट्यूनरचा खांब साधारण ६ मिलिमीटर जाडीचा आणि गिअर १८:१ धरला, तर बटणाच्या एका फेऱ्यात तार जेमतेम १ मिलिमीटर ओढली जाते. बिनडोक ट्यूनरमध्ये तार गुंडाळायचीच नसते, स्क्रू तिला सरळ मागे ओढतो. एम-४ स्क्रू असेल तर एका फेऱ्यात ०.७ मिलिमीटर. सूर जास्त बारकाईने लागतो आणि गुंडाळीच नसल्यामुळे ती सरकून सूर उतरण्याचा प्रश्नही येत नाही.

पण स्क्रूचा प्रवास थोडा, जेमतेम सेंटिमीटरभर. म्हणून तार आधीच नेमक्या लांबीची हवी. स्टाइनबर्गरचं उत्तर होतं दोन्ही टोकांना गोळी असलेली खास तार. वरच्या खाचेत एक गोळी, खाली दुसरी; काही सेकंदांत तार बदलून तयार. फार सुंदर सोय, पण ती तार सगळीकडे मिळत नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला व्हेंडर लॉक-इन म्हणतो. त्याचा पुढचा अंकही ओळखीचा आहे. १९८७ मध्ये कंपनी गिब्सनकडे गेली आणि १९९० च्या दशकात मूळ नमुन्यांचं उत्पादन थांबलं. स्टाइनबर्गरचा ट्रान्सट्रेम हा ब्रिज अख्खा कॉर्ड सुरात ठेवून वरखाली सरकवायचा. व्हॅन हेलनच्या १९८६ च्या ‘५१५०’ अल्बममध्ये तो ऐकू येतो. इतक्या खास यंत्राचा एक भाग तुटला, तर तो कोपऱ्यावरच्या दुकानात कसा मिळणार?

दुसरी लाट स्वीडनमधून आली. ओला स्ट्रँडबर्ग या इंजिनिअरने २००७ मध्ये छंद म्हणून गिटार बनवायला सुरुवात केली. मनासारखं हार्डवेअर मिळेना, म्हणून त्याने स्वतःच घडवलं आणि इतर हौशी कारागिरांनाही विकलं. त्यात प्रत्येक तारेला स्वतंत्र ब्रिज. त्यामुळे सहा तारा असोत की आठ, फ्रेट तिरके असोत की सरळ, तोच सुटा भाग चालतो. वर साधी तार छोट्या स्क्रूखाली दाबून उरलेलं टोक कापायचं. आज मिळणारं बरंचसं सुटं हार्डवेअर याच पद्धतीचं आहे.

तेव्हा खरेदी करताना तीन गोष्टी पाहा. साधी, एका गोळीची तार चालते का? स्क्रू प्रमाणित मापाचे आहेत का, म्हणजे उद्या एक हरवला तर हार्डवेअरच्या दुकानात मिळेल का? आणि ताण असताना बटण बोटांनी फिरतं का? १०-४६ च्या सेटमध्ये सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४५ किलो असतो. स्क्रूच्या बुडाशी छोटं बेअरिंग किंवा गुळगुळीत वॉशर नसेल, तर जाड तारांना पान्हा लागतो. बटणाचा व्यासही मोजा. तारांमधलं अंतर साधारण १० मिलिमीटर असतं, त्यात बटण आणि बोट दोन्ही मावायला हवीत.

माझ्या गिटारसाठी मी सहा सुटे ब्रिज घेतले. स्टाइनबर्गरचा एकसंध ब्रिज दिसायला जास्त देखणा आहे, हे कबूल. पण गिटार वीस वर्षं वाजवायची आहे, आणि हा ब्रिज बनवणारी कंपनी तोपर्यंत असेलच असं नाही. तार आणि स्क्रू मात्र तेव्हाही मिळतील.