अभिजात मोटारगाडीची दीर्घकालीन साठवण

अभिजात मोटारगाडीची दीर्घकालीन साठवण म्हणजे जुनी व जतनयोग्य मोटारगाडी काही महिने ते अनेक वर्षे न चालवता, तिचे मूळ भाग खराब होऊ न देता ठेवण्याची पद्धत. केवळ उभी करून ठेवलेली गाडी आणि साठवलेली गाडी यांत फरक आहे. पहिलीत इंधन, तेल, हवा व दमट भिंती आपापले काम करत राहतात. दुसरीत ते थोपवण्याची तजवीज आधीच केलेली असते. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (फिवा) २०१२ साली स्वीकारलेल्या तुरीन सनदेत जतनाला पुनर्निर्मितीपेक्षा अग्रक्रम दिला आहे. एकदा गंजून गेलेला मूळ पत्रा नव्याने बनवता येतो, परंतु तो मूळ राहत नाही. साठवणीचे महत्त्व यातून स्पष्ट होते.

आर्द्रता

साठवलेल्या गाडीचा मुख्य शत्रू पाऊस नव्हे, तर हवेतील बाष्प होय. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. पत्र्यावर मीठ किंवा धूळ असल्यास त्याहून कमी आर्द्रतेतही गंज धरतो. याउलट हवा फार कोरडी झाल्यास चामड्याची आसने व लाकडी भाग तडकतात. म्हणून ४० ते ५५ टक्क्यांदरम्यानची स्थिर आर्द्रता योग्य मानली जाते. मुंबई आणि कोकण किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता सलग ८० टक्क्यांच्या वर असते. तेथे आर्द्रताशोषक यंत्राशिवाय बंद गॅरेज पुरेसे ठरत नाही.

आवरणाबाबतचा गैरसमज येथेच नोंदवणे इष्ट. प्लॅस्टिकची ताडपत्री पाणी बाहेर ठेवते, पण जमिनीतून व गाडीतून निघालेले बाष्प आतच कोंडते. पत्र्यावर दव जमते आणि रंगाखाली फोड येतात. छताखाली हवा खेळू देणारे सुती आवरणच वापरावे. मातीच्या किंवा ओल येणाऱ्या फरशीवर प्लॅस्टिक अंथरायचे ते गाडीखाली, गाडीवर नव्हे.

टल्सा येथील प्लिमथ बेल्व्हेडेर

साठवणीच्या अपयशाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. ओक्लाहोमा राज्याच्या स्थापनेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त टल्सा शहरात १५ जून १९५७ रोजी एक नवी कोरी प्लिमथ बेल्व्हेडेर न्यायालयाच्या आवारात काँक्रीटच्या भूमिगत कोठीत पुरण्यात आली. ती ५० वर्षांनी काढायची होती. त्या काळी पेट्रोल मिळेल की नाही अशी शंका असल्याने सोबत पेट्रोल व तेलाचे डबेही ठेवले होते. गाडीला गंजरोधक लेप देऊन ती आवरणात गुंडाळली होती, आणि कोठी अणुहल्ल्यातही टिकेल अशी जाहिरात झाली होती. जून २००७मध्ये कोठी उघडली तेव्हा आत कित्येक फूट पाणी साचलेले होते. गाडीचा सांगाडा पार गंजला होता आणि इंजिन निकामी झाले होते. गाडीबरोबर पुरलेल्या, झाळून बंद केलेल्या पोलादी पेटीतील कागदपत्रे मात्र सुस्थितीत निघाली. काँक्रीट पाणी झिरपू देते; झाळलेले पोलाद देत नाही. ही गाडी पुढे इलिनॉय राज्यातील रॉस्को येथील संग्रहालयात गेली. टल्सानेच १९९८मध्ये दुसरी गाडी, प्लिमथ प्राउलर, २०४८ साली उघडण्यासाठी बंद केली. या वेळी कोठी जमिनीच्या वर बांधली.

द्रव पदार्थ

वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले व पाणी असते आणि ते बेअरिंगच्या मऊ धातूला खाते. म्हणून ऑइल बदलणे हे साठवणीपूर्वीचे काम आहे, नंतरचे नव्हे; बदलल्यावर इंजिन थोडा वेळ चालवून नवे तेल सर्वत्र फिरवले जाते. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडण्याची जुनी पद्धतही उपयुक्त आहे.

इंधनाच्या टाकीबाबत जाणकारांत एकमत नाही. एक मत टाकी काठोकाठ भरावी असे, कारण आत हवा उरली नाही तर बाष्प जमत नाही. हे इथेनॉलविरहित पेट्रोलच्या काळात खरे होते. इथेनॉल पाणी शोषते. प्रमाण वाढले की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो आणि नेमका तोच कार्बोरेटरकडे जाणारा थर असतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व सीलही इथेनॉल गृहीत धरून बनवलेल्या नाहीत. भारतात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र मिळू लागल्यापासून टाकी व कार्बोरेटर रिकामे करून टाकीला आतून तेलाचा हात देणे अधिक सुरक्षित ठरते.

सामान्य ब्रेक ऑइलही हवेतील पाणी ओढून घेते व चाकांजवळील ब्रेक सिलिंडर आतून गंजतात. ते ताजे भरावे. रेडिएटरमध्ये साधे नळाचे पाणी ठेवू नये, गंजरोधक कूलंट भरावा.

बॅटरी, चाके व उंदीर

बॅटरी काढून पूर्ण भारित अवस्थेत (१२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट) वेगळी ठेवावी आणि वेळोवेळी चार्ज करावी. उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते. काढताना बॉडीला जोडलेली तार आधी सोडावी. ही तार ऋण टोकाचीच असेल असे नाही, कारण १९६०च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेले असे.

टायर एकाच जागी दबून चपटे होऊ नयेत म्हणून गाडी स्टँडवर उचलतात. हँडब्रेक ओढून ठेवू नये, अन्यथा ब्रेक शू ड्रमला चिकटतात; चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. सायलेन्सरचे तोंड व हवा आत घेणारी नळी बारीक जाळीने बंद केल्यास उंदीर आत शिरत नाहीत. डांबराच्या गोळ्यांनी उंदीर जातातच असे नाही, पण त्यांचा वास आसनांत वर्षानुवर्षे राहतो.

अधूनमधून इंजिन चालू करण्याचा प्रश्न

दर आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालू करण्याची सवय सर्वत्र आढळते आणि ती बहुधा हानिकारकच असते. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. इंजिन पुरते तापले नाही तर त्यातील काही पाणी सायलेन्सरमध्ये व ऑइलमध्ये उरते. गाडी पूर्ण तापेपर्यंत रस्त्यावर चालवणे शक्य नसेल, तर ती बंद ठेवलेलीच बरी.

पुन्हा वापरात आणताना

प्रथम तेल, नळ्या, पट्टे व घरटी तपासतात. मग स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाहतात. ते अडत असेल तर स्टार्टरने जोर लावू नये. ऑइलचा दाब आल्यावरच प्लग बसवून ताज्या पेट्रोलवर इंजिन सुरू करतात. रस्त्यावर नेण्यापूर्वी ब्रेकची खात्री करणे अनिवार्य आहे.

भारतातील नियम

केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात येतात. त्यामुळे गंजलेली बॉडी बदलावी लागल्यास हा दर्जाच धोक्यात येऊ शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये असून नोंदणी १० वर्षे वैध असते. नव्या क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी वाहने नियमित किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाहीत. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर आणता येतात.