संगणकाच्या स्मृतीतील वाढ

संगणकात मुळात असलेल्या मुख्य स्मृतीची, म्हणजे रॅमची, क्षमता नंतर वाढवणे यास स्मृतिवाढ म्हणतात. तिच्यामुळे संगणकाचा वेग जाणवण्याइतका सुधारतो किंवा नाही, हे पूर्वीची रॅम चालू कामाला अपुरी पडत होती का, यावर अवलंबून असते.

कारणमीमांसा

चालू आज्ञावली आणि तिला लागणारी माहिती रॅममध्ये असते. रॅम भरली की संचालन प्रणाली कमी वापरातील पृष्ठे डिस्कवर हलवते व गरज पडताच परत आणते. या पद्धतीस आभासी स्मृती म्हणतात. मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकात (१९६२) ती प्रथम वापरात आली. या ये-जा करण्याची किंमत मोठी असते. रॅममधून माहिती मिळण्यास साधारणतः १०० नॅनोसेकंद लागतात, सॉलिड स्टेट ड्राइव्हवरून सुमारे त्याच्या हजारपट, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून ५ ते १० मिलिसेकंद, म्हणजे ५० हजार ते एक लाखपट वेळ लागतो.

आज्ञावलीला थोड्या अवधीत तिच्या सर्व पृष्ठांपैकी काहीच लागतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या गटास ‘वर्किंग सेट’ असे नाव दिले. चालू आज्ञावल्यांच्या अशा गटांची बेरीज रॅमबाहेर गेली की पृष्ठांची सतत अदलाबदल सुरू होते आणि प्रोसेसर बहुतांश वेळ वाट पाहत राहतो (थ्रॅशिंग). या अवस्थेतील संगणकात थोडीशी रॅम वाढवली तरी फरक चटकन दिसतो. गरज भागल्यानंतरची वाढ मात्र मुख्यतः फायलींच्या प्रती हाताशी ठेवण्यास उपयोगी पडते आणि तिचा लाभ उत्तरोत्तर घटत जातो.

टिफरॅकचे उदाहरण

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफरॅक संगणकाची फेराइट कोअर स्मृती प्रत्येकी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे १० किलोबाइट होती. एका शब्दात एक संख्या ठेवली तर ४५ × ४५ चा एकच मॅट्रिक्स २,०२५ शब्द व्यापतो आणि आज्ञावलीसाठी अवघे २३ शब्द उरतात. संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० ची स्मृती ४८ बिटांच्या ३२,७६८ शब्दांची होती. त्यामुळे कितीतरी मोठी गणिते एकाच वेळी स्मृतीत मावू लागली. तरी या दोन संगणकांच्या वेगातील फरकाचे श्रेय एकट्या स्मृतीला देता येत नाही. टिफरॅक निर्वात नलिकांवर चालत असे, तर सीडीसी ३६०० ट्रान्झिस्टरवर.

क्षमता आणि प्रवाह

या दोन गोष्टींची अनेकदा गल्लत होते. दौलताबादच्या किल्ल्यातील हत्ती हौदात सुमारे १०,००० घनमीटर पाणी मावते. पण हौद आणखी मोठा खोदला म्हणून त्यात पाणी आणणाऱ्या नळांचा प्रवाह वाढला नसता. रॅमचेही तसेच आहे. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमचा एका चॅनलमधील कमाल प्रवाह सेकंदाला २५.६ गीगाबाइट असतो, मग तिची क्षमता ८ गीगाबाइट असो वा १६. एका पट्टीऐवजी जुळणाऱ्या दोन पट्ट्या दोन चॅनलमध्ये बसवल्यास तो तत्त्वतः दुप्पट होतो. प्रोसेसरमध्येच चित्रप्रक्रियक असलेल्या संगणकांत खेळ व चित्रफितींच्या कामात हा फरक जाणवू शकतो.

मर्यादा व निदान

३२-बिट पत्त्याने ४ गीगाबाइटपर्यंतच स्मृती दर्शवता येते. त्यामुळे ३२-बिट विंडोजच्या घरगुती आवृत्त्यांत त्यापुढील रॅम वाया जाते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पटलावर झाळलेली असल्याने ती बदलता येत नाही. संगणक सुरू होण्यासच वेळ लागत असेल, तर हार्ड डिस्कऐवजी सॉलिड स्टेट ड्राइव्ह बसवणे बहुधा अधिक परिणामकारक ठरते, आणि मंद इंटरनेटवर रॅम हा उपाय नाही.

रॅम ८० टक्के भरलेली दिसणे हे टंचाईचे लक्षण नव्हे. संचालन प्रणाली मोकळी जागा फायलींच्या प्रतींसाठी मुद्दाम वापरते. खरी खूण अदलाबदलीत असते. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये ‘हार्ड फॉल्ट्स’चा आकडा, तर लिनक्समध्ये ‘व्हीएमस्टॅट’ या आज्ञेने दिसणारे ‘एसआय’ व ‘एसओ’ हे रकाने नेहमीच्या कामाच्या वेळी पाहावेत. हे आकडे बराच काळ शून्याजवळ राहत असतील, तर क्षमता वाढवून वेगात विशेष फरक पडत नाही.