सिंगापूरमध्ये कंपनीची नोंदणी

सिंगापूरमध्ये खासगी मर्यादित कंपनी स्थापन करण्यास परदेशी नागरिकांना मुभा आहे. बहुतेक व्यवसायांत कंपनीचे संपूर्ण भागभांडवल परदेशी व्यक्तीच्या वा संस्थेच्या नावे असू शकते. भरणा झालेले भांडवल अवघे एक सिंगापुरी डॉलर असले तरी चालते आणि कागदपत्रे बिनचूक असल्यास नोंदणी बहुधा एका दिवसात होते. या सुलभतेमुळे अनेक भारतीय उद्योजक सिंगापूरकडे वळले. ‘फ्लिपकार्ट’ची मूळ कंपनीही २०११ मध्ये तेथेच नोंदविण्यात आली. तथापि, नोंदणी हा या व्यवहारातील सर्वांत सोपा टप्पा होय. त्यानंतर दोन देशांचे कायदे सांभाळावे लागतात.

नोंदणीची पद्धत

सिंगापूरमधील कंपन्यांचा कारभार १९६७ च्या कंपनी कायद्यानुसार चालतो. नोंदणीचे काम २००४ मध्ये स्थापन झालेल्या ‘अॅक्रा’ या सरकारी प्राधिकरणाकडे आहे. प्रथम कंपनीचे नाव मंजूर करून घ्यावे लागते. त्यासाठी १५ सिंगापुरी डॉलर शुल्क असून, मंजूर झालेले नाव १२० दिवस राखून ठेवले जाते. प्रत्यक्ष नोंदणीचे शुल्क ३०० डॉलर आहे. सर्व अर्ज ‘बिझफाइल’ या संगणकीय प्रणालीतून दाखल होतात. परदेशस्थ अर्जदाराला मात्र हे काम नोंदणीकृत सेवा संस्थेमार्फतच करावे लागते.

कंपनीला किमान एक आणि कमाल ५० भागधारक असू शकतात. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता सिंगापूरमधील प्रत्यक्ष जागेचा हवा; टपालपेटीचा क्रमांक चालत नाही. नोंदणीपासून सहा महिन्यांत स्थानिक रहिवासी असलेला कंपनी सचिव नेमणे बंधनकारक असते. एकमेव संचालकाला हे पद स्वतःकडे ठेवता येत नाही.

स्थानिक संचालकाची अट

किमान एक संचालक सिंगापूरचा रहिवासी असला पाहिजे, ही परदेशी उद्योजकाच्या दृष्टीने सर्वांत अवघड अट. तेथे न राहणारे उद्योजक वार्षिक मोबदला देऊन नामधारी संचालक नेमतात. कायद्याच्या नजरेत मात्र या संचालकाची जबाबदारी इतर संचालकांइतकीच असते. ऑगस्ट २०२३ मध्ये सिंगापूरमध्ये तीन अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे काळ्या पैशाचे प्रकरण उघडकीस आले. त्यानंतर बँका आणि सरकार, दोघेही अधिक सावध झाले. ९ जून २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्यान्वये व्यवसाय म्हणून नामधारी संचालकपद स्वीकारायचे असल्यास ती नेमणूक नोंदणीकृत सेवा संस्थेमार्फतच व्हावी लागते आणि संबंधित व्यक्तीची योग्यता त्या संस्थेला पडताळावी लागते. कंपनी एका दिवसात नोंदली गेली, तरी बँकेत खाते उघडण्यास यामुळे अनेकदा कितीतरी अधिक काळ लागतो.

कर आणि वार्षिक विवरणे

कंपनीच्या नफ्यावर १७ टक्के कर आकारला जातो. पात्र नव्या कंपन्यांना पहिली तीन वर्षे सवलत मिळते. लाभांशावर भागधारकाला तेथे कर द्यावा लागत नाही. आर्थिक वर्ष संपल्यापासून सात महिन्यांत वार्षिक विवरणपत्र दाखल करावे लागते. विलंब झाल्यास दंड होतो आणि संचालकांवर खटलाही भरला जाऊ शकतो. व्यवसाय सुरूच झाला नाही, तरी हे विवरणपत्र चुकत नाही.

भारतातील बंधने

भारतात राहणाऱ्या व्यक्तीने परदेशी कंपनीत भांडवल गुंतविल्यास परकीय चलन व्यवस्थापन कायदा आणि २०२२ चे परदेशी गुंतवणूक नियम लागू होतात. व्यक्तीला वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरच्या मर्यादेत रक्कम पाठविता येते. पैसे पाठविण्यापूर्वी बँकेमार्फत अर्ज करून त्या गुंतवणुकीसाठी विशिष्ट क्रमांक घ्यावा लागतो. वित्तीय सेवा देणारी कंपनी व्यक्तीला या मार्गाने सर्वसाधारणपणे काढता येत नाही. तसेच तिच्या नियंत्रणाखालील परदेशी कंपनीला उपकंपनी असून चालत नाही. आयकर विवरणपत्रात परदेशी भागांची नोंदही आवश्यक असते.

करबचतीच्या अपेक्षेलाही मर्यादा आहेत. कंपनीचे महत्त्वाचे निर्णय प्रत्यक्षात भारतात होत असतील, तर ती भारतातील रहिवासी ठरून तिच्या जगभरातील उत्पन्नावर येथे कर लागू शकतो. ५० कोटी रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना २०१७ च्या परिपत्रकाने यातून वगळले. उभय देशांतील १९९४ च्या करारामुळे भारतीय भागांच्या विक्रीवरील नफ्याला मिळणारी सवलतही १ एप्रिल २०१७ पासून खरेदी केलेल्या भागांसाठी संपुष्टात आली.

परतीची वाटही महाग पडू शकते. ‘फोनपे’ने २०२२ मध्ये आपले मूळ ठिकाण सिंगापूरहून भारतात हलविले, तेव्हा गुंतवणूकदारांना सुमारे आठ हजार कोटी रुपये कर भरावा लागल्याचे कंपनीच्या संस्थापकाने जाहीर केले होते. ग्राहक, गुंतवणूकदार किंवा कर्मचारी खरोखरच सिंगापूरमध्ये असतील, तर तेथील कंपनी उपयुक्त ठरते. केवळ पत्त्यासाठी काढलेली कंपनी मात्र वर्षानुवर्षे दोन्ही देशांत खर्च आणि जबाबदारी मागत राहते.