रंधा घासण्याआधी तारखा वाचा

अमेरिकेतल्या आईबाबांनो, गराज सेलमध्ये गंजलेला लोखंडी रंधा दिसला तर मुलांसोबत नीट बघा. आपल्याकडे सुतारकाका लाकडी रंध्यात पाचर ठोकून पातं बसवायचे ना? लिओनार्ड बेली यांच्या रंध्यात तेच पातं चाक फिरवून खाली-वर होतं. १८६९ मध्ये त्यांच्या पेटंटचे हक्क कनेक्टिकटमधल्या स्टॅनली कंपनीने घेतले.

आता पातं काढा. त्यामागे, तळाच्या ओतीव लोखंडात, १९०२ च्या दोन आणि १९१० ची एक तारीख असेल, तर संग्राहक तो रंधा साधारण १९१० ते १९१८ चा धरतात. पण पेटंटची तारीख ही रंध्याची जन्मतारीख नव्हे. तो त्याआधीचा नाही, एवढंच ती सांगते. पातं तर पुष्कळदा बदललेलं असतं, त्यामुळे नुसत्या त्याच्या शिक्क्यावर विसंबू नका.

सफाईआधी फोटो काढा. तेल लावून बारीक पॉलिश पेपरने गंज उतरवा, पण मूळचा काळा मुलामा खरवडू नका. तो एकदा गेला की गेलाच. पात्याची पाठ सपाट करून २५ ते ३० अंशांत धार लावा. धारेचं काम मात्र मोठ्यांनीच करायचं. लाकडाची पातळ, अखंड साल पहिल्यांदा काढायचा मान मुलांना द्या.